कागदाची गादी

खुराड्यात अंथरायला कागद चांगला. कोणाला पटवायचं म्हणून सांगत नाही. तळ्याकाठच्या आमच्या बालिक्ची गावातल्या कुक्कुटशाळेत, प्रयोगशाळेच्या खोलीत मी चौदा वर्षं काढली, ती बंद पडली त्या दिवशी कुलूपही मीच लावलं, म्हणून सांगते. लाकडाच्या भुशाची धूळ होते, कोंबड्या शिंकायला लागतात. पेंढा बरा, पण आमच्याकडे थंडीत गाईच्या तोंडचा पेंढा काढून कोंबडीच्या पायाखाली घालायचा तर गाईला काय सांगायचं? कागद घरात असतोच. जुने पेपर, पोराच्या शाळेच्या वह्या, चहापत्तीची खोकी. खोक्यांची चिकटपट्टी सोलायची, तारेच्या पिना उपटायच्या, नाहीतर कोंबडी त्या गिळते. चकचकीत पुठ्ठा घ्यायचा नाही, तो ओल पीत नाही. अख्खा कागद अंथरायचा नाही, त्यावरून पिल्लांचे पाय घसरतात आणि एकदा फाकले की फाकलेच. बारीक पट्ट्या करायच्या. रोज सकाळी त्या वरखाली करायच्या, नाहीतर त्यांची ओली पोळी बसते आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो.

पट्ट्या मी कात्रीने करत नाही. आमच्याकडे केस्मे करतात, कापलेल्या शेवया. कणकेची मोठी पोळी लाटायची, घडीवर घडी घालायची आणि रुंद सुरीने नखाच्या मापाने कापत जायचं. कागदाचंही मी तसंच करते. दहा-बारा पानं घडी करून पाटावर ठेवली की हात आपोआप चालतो. सुरी मात्र वेगळी ठेवली आहे.

या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी माझी एक शेवई उजेडात धरली होती. "ही शेवई आहे की खोगिराचा पट्टा?" एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षांत माझ्याबद्दल याहून जास्त काही त्या बोलल्याचं आठवत नाही. मला कधी नावाने हाक मारली नाही. "सून, पाणी ठेव." "सून, दार लाव." त्यांचा मुलगा, माझा नवरा गेला, त्या दिवशीही "सून, लोक येतील, पीठ भिजव." मीही त्यांचं नाव घेत नाही. आमच्यात सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सून तोंडात घेत नाही, ती माणसं गेल्यावरही नाही.

गावाला मात्र ते नाव पाठ होतं. सासूबाई कोशोक म्हणायच्या. माणूस गेलं की त्याच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहतो. आत बायका भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून रांगेने बसतात आणि गेलेल्याचं गाणं, म्हणजे कोशोक, म्हणतात. त्याचं चालणं, त्याचा राग, त्याचा घोडा, सगळं त्यात येतं. पुरुष बाहेर काठीवर वाकून उभे. बायकोने नवऱ्याचं म्हणावं, आईने लेकाचं, अशी रीत. पण दुःखात सगळ्यांनाच शब्द सापडतात असं नाही. मग सासूबाईंना बोलावणं यायचं. त्या दुःखातल्या बाईला खेटून बसायच्या आणि तिच्या पोटातलं आपल्या तोंडाने म्हणायच्या. मी रक्ताचे नमुने काचेवर तपासणारी बाई, पण त्यांचा आवाज लागला की मीही हातातली वाटी खाली ठेवायचे.

गेल्या ऑक्टोबरात त्या गेल्या. त्यांचं म्हणायला गावात कोणी उरलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि नुसती रडले.

चाळिसावा झाला, कपडे वाटून झाले. पेटीच्या तळाशी सात वह्या निघाल्या. शाळेच्या, पातळ, चकचकीत हिरव्या पुठ्ठ्याच्या. आत पेन्सिलीने कोशोक. नाव कुणाचंच नाही. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात एकेक लहान चित्र, तेवढंच. शेवटची दोन वर्षं त्यांना विसरायला व्हायचं, तेव्हा खिडकीशी बसून काहीतरी खरडत असायच्या. मला वाटलं, म्हणून झालेली गाणी आठवतील तशी लिहून ठेवली असतील. आणि कोशोक एकदा म्हटलं की संपतं. दुसऱ्याला ते चालत नाही, उष्टं होतं. मग त्या वह्या ठेवून करायच्या काय? मी तोडून ठेवलेल्या खोक्यांवर त्या टाकल्या.

*

डिसेंबरात घळीतून येणारा पश्चिमेचा वारा सुटला तो थांबेचना. तळं गोठत नाही आमचं, पण त्याचे शिंतोडे दोरीवरच्या कपड्यांवर गोठतात. खुराड्याच्या फळ्यांतून बर्फाचा भुगा आत यायला लागला, गादी दोन दिवसांत भिजायची. पेपर संपले. मी पहिली वही घेतली, पुठ्ठा फाडून चुलीशेजारी टाकला आणि पानं पाटावर घेतली.

उजवीकडच्या घरातली साल्तानात कुंपणावरून बघत होती. बसथांब्यावर ती समोवार घेऊन चहा विकायची. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणून मला एजे, म्हणजे ताई, म्हणायची; जिभेने मात्र सगळ्या गल्लीची मोठी.

"बुरुल एजे, अक्षरांवर कोंबड्या हगवतेस? पाप लागेल."

"कोणाला, मला की कोंबड्यांना?"

"कोंबड्या अडाणी आहेत, त्यांना माफ आहे. तू शिकलेली."

"मग तू ये नि वाचून दाखव त्यांना."

"मी आले तर अंडी घालायच्या थांबतील, मेल्या ऐकतच बसतील," असं म्हणून ती स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटली. समोवारातून वाफ निघावी तसं तिचं हसणं, एकदम आणि सगळीकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझा वाडगा परत द्यायला आली आणि खुराड्यापाशीच थांबली.

"एजे, ये इकडे. तुझ्या कोंबड्या मयताला बसल्यात की काय?"

माझ्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. अकराही जणी समोरच्या भिंतीशी रांगेत बसल्या होत्या. चोची फळ्यांना टेकायच्या बेतात, शेपट्या दाराकडे. झोपल्या नव्हत्या, डोळे उघडे होते. कोंबडा बाहेर उभा होता, मान खाली घालून. आणि आतून आवाज येत होता. कोंबड्यांचं कुरकुरणं मला ओळखीचं आहे, भुकेचं वेगळं, भीतीचं वेगळं. हे तसं नव्हतं. खालच्या पट्टीत, सगळ्यांचं एकदम सुरू व्हायचं, एकदम थांबायचं, पुन्हा सुरू.

"दारातून वारा येतो," मी म्हटलं. "पाठ करून बसल्या."

"वारा तर भिंतीतून येतोय."

मी एक पीस फळीशी धरलं. ते माझ्या दिशेने हललं. साल्तानातचं बरोबर होतं.

संध्याकाळी डावीकडच्या घरातून रडणं ऐकू आलं. म्हातारा ओमुरबेक गेला. जन्मभर तळ्यावर मासे धरले त्याने. त्याची नाव अजून त्यांच्या अंगणात उपडी पडली आहे. एक्याऐंशी वर्षांचा होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस थंडीत जातो, यात शोधायचं काही नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्या नेहमीसारख्या उकरत होत्या. अंडी सात.

*

माझ्याकडे एक नोंदवही आहे, कुक्कुटशाळेतली सवय. खुराड्यातली थंडी, वास, अंडी, कोण उदास, कोण पिसं टाकतंय, सगळं मी लिहिते. त्या दिवसाची नोंद तीनदा वाचली. वेगळं काहीच नव्हतं. फक्त "नवी गादी" असं दोन दिवस आधी लिहिलेलं. गादी तर मी महिन्यातून चारदा नवी घालते.

जानेवारीत दुसरी वही कापली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा बसल्या. या वेळी मी आत जाऊन उलट्या बादलीवर बसले आणि बोटांवर मोजलं. सात. सात. सात. आठ. थांबणं. सात. सात. सात. आठ. कोशोकचं माप हेच. सासूबाई म्हणायच्या तेव्हा माझा पाय नकळत हेच मोजायचा. मी स्वतःला सांगितलं, अकरा जीव एका थंडीत एकत्र श्वास घेतात, ताल धरला जातो. ताल कानात असतो, घशात नसतो.

साल्तानात आलीच. तिला आता चटक लागली होती.

"आज कुणाचा नंबर गं?"

"तोंड सांभाळ."

"छान म्हणतात पण." ती दाराशी उकिडवी बसली, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. "माझ्या वेळेला यांनाच बोलव, एजे. तुझी सासू तर आधीच सटकली. जन्मभर माझा फुकट चहा प्याली, आणि माझी वेळ आली तर बाई हजर नाहीत."

"तुझी वेळ येईस्तोवर या कोंबड्यांचं सूप होऊन जाईल."

"मग सूप पिऊन रडा," म्हणाली आणि उठून गेली.

सकाळी तिचं दार फोडावं लागलं. कोळसा पुरता जळायच्या आधी तिने धुराड्याची झडप लावली होती. आमच्याकडे दर थंडीत एखाद्या घरी असं होतं. पायरीवर तिचा समोवार भरून, घासून ठेवलेला होता. बसथांब्यावर न्यायला.

*

तिच्या तंबूत मी तिच्या मुलीशेजारी बसले. भिंतीकडे तोंड. नाकासमोर नमदा, मेंढीचा आणि धुराचा वास. मुलीचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. बाहेर पुरुषांच्या काठ्या बर्फात करकरत होत्या.

आणि माझ्या तोंडून ओळ निघाली.

*वाफेआडून हसायची गं,*
*हसू कधी निवलं नाही...*

सगळ्या बायकांनी ती उचलली. मुलीला रडू फुटलं. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, सासूची सून म्हणून. मला मात्र कळेना, ही ओळ मला येते कुठून. मी कधी दोन शब्द जुळवले नाहीत.

मग आठवलं. ती मी सुरीखालून जाताना पाहिली होती.

त्या वह्या सासूबाई असतानाच्या. तेव्हा साल्तानात धडधाकट होती, आमच्या पायरीवर बसून सासूबाईंच्या पेल्यात चहा ओतत होती.

मी उठले. तंबूतून मध्येच उठू नये, पण उठले. घरी येऊन चुलीशेजारच्या ढिगातून पुठ्ठे काढले. हिरवे, चकचकीत, पेटवायला म्हणून ठेवलेले. तीन होते. पहिल्याच्या कोपऱ्यात मासा. दुसऱ्याच्या कोपऱ्यात समोवार.

तिसरी वही मी त्याच सकाळी कापली होती. मयताच्या घरी जायचं, दिवसभर हात रिकामे होणार नाहीत, म्हणून घाईघाईने कापून पसरून गेले होते.

तिसऱ्यावर चाक होतं. ट्रकचं. सासूबाईंनी त्याचे सगळे नटसुद्धा मोजून काढले होते.

माझा मुलगा झूमार्त सत्तावीस वर्षांचा आहे. थंडीत रशियाच्या उत्तरेला गोठलेल्या नद्यांवरून ट्रक चालवतो. दर शुक्रवारी फोन करतो. मागच्या शुक्रवारी आला नव्हता, त्याआधीच्याही नाही. मी रेंजला दोष दिला होता.

खुराड्याकडून आवाज आला तेव्हा घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

*

दार उघडलं. रांग भिंतीशी बसली होती.

एकीला उचललं. ऊबदार, हलकी, काळीज टिकटिकणारी साधी कोंबडी. दाराकडे तोंड करून ठेवली. ती जागच्या जागी वळली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दुसरीला वळवलं. तीही वळली.

सात, सात, सात, आठ. या वेळी ते एका आईचं गाणं होतं. कोंबड्या बोलतात असं मी म्हणत नाही. शब्द कापताना माझ्या डोळ्यांखालून गेले असतील, तेच परत कानात येत असतील. पण "शिंगरू माझं" मी ऐकलं. आमच्यात आई लेकाला शिंगरू म्हणते.

गुडघ्यांवर बसले आणि पट्ट्या वेचायला लागले.

छापील पट्ट्या टाकायच्या, पेन्सिलीच्या घ्यायच्या. पायांनी तुडवलेल्या, शिटेत माखलेल्या. कोमट पाण्यात धुवायच्या, चुलीच्या कडेला वाळवायच्या, पिठाच्या खळीने जुन्या पडद्यावर चिकटवायच्या. जी पट्टी उचलावी तिथे गाण्यात खळगा पडायचा. आधी एखादा शब्द गळायचा, मग अख्खी ओळ. कोंबड्या त्या जागी मुकाट बसायच्या, तेवढं माप सोडायच्या आणि पुढे म्हणायच्या. उजेड गेला तेव्हा उठले. सकाळी पुन्हा बसले. तंबूतून कोणीतरी येऊन माझ्याबद्दल विचारून गेलं म्हणे, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकरा वाजता चोवीसपैकी बावीस पानं पडद्यावर होती. दोन नव्हती. कोपरा न कोपरा चाळला, फळ्यांच्या फटी सुईने उकरल्या. कोंबड्या कागद खातात कधीकधी. खाल्ला असेल तर तो आता त्यांच्यातच होता.

बारा वाजता त्या बसल्या आणि दोनच ओळी म्हणायला लागल्या. पुन्हा पुन्हा त्याच.

*बर्फावरून गेली वाट,*
*शिंगरू माझं मागे वळेना.*

*बर्फावरून गेली वाट,*
*शिंगरू माझं मागे वळेना.*

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. काढायचं होतं तेवढं काढून झालं होतं. आता वर काहीतरी घालून बघायचं उरलं होतं.

चार वह्या शिल्लक होत्या. त्यांच्यावर कात्री, घोडा, चष्मा आणि अंडं. खोटं कशाला बोलू, कात्रीची वही मी आधी उचलली होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याला तीन लेकरं आहेत. सकाळी गल्लीतून जाताना ती एकमेकांच्या टोप्या उडवत जातात. ठेवून दिली. अंड्याची घेतली.

आमच्यात बाई लेकराला म्हणते, तुझ्याभोवती फिरून जाईन, तुझी पीडा मला लागो. लाडाने म्हणतात, बाजारात म्हणतात, बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी म्हणतात. त्या दिवशी मी ते सुरीने म्हटलं.

कापण्याआधी वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण घडी घालताना नजर गेली.

*चुलीआधी उठलीस तू,*
*चुलीनंतर निजलीस,*
*माझ्या कडू बोलांवरती*
*साय धरून राहिलीस.*

*खोगिराच्या पट्ट्याएवढी*
*शेवई म्हणून हसले मी,*
*तीच शेवई, तुझ्या हातची,*
*शेवटपर्यंत जेवले मी.*

*आता सांगते, ऐक गं...*

पान तिथे संपत होतं. मी पुढचं उघडलं. शेवटचं पान होतं, सहाच ओळी.

*तोंडाने मी सून म्हटलं,*
*पोटातून लेक म्हटलं.*
*नको धरूस राग आता,*
*दार लोटून ये आत.*
*भिंतीपाशी, माझ्या शेजारी,*
*जागा तुझी आहे रिकामी.*

ते पान मी फाडून बाजूला ठेवलं. भ्यायले म्हणून नाही. एकतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते कागदावर होतं, आणि ते कोंबड्यांच्या पायाखाली घालायला माझा हात धजेना. बाकीची पानं कापली आणि पसरली. रांगेवरून पट्ट्या पडल्या तेव्हा कोंबड्या क्षणभर गप्प झाल्या. मग माझं गाणं सुरू झालं.

*

मंगळवारी फोन आला. आमच्यात आईला अपा म्हणतात.

"अपा? ऐकू येतंय का? फोन मेला होता माझा, थंडीने."

मी रडायला लागले.

"रडतेस काय, वेडे? जिवंत आहे मी."

"शनिवारी काय करत होतास?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सांग."

"चाकाची साखळी तुटली. नदीच्या मधोमध. खाली उतरून बांधत होतो. मागचा ट्रक हॉर्न मारत मला वळसा घालून पुढे गेला, शिव्या देत गेला. दोनशे पावलं गेला असेल, खालचं बर्फ फुटलं. तलास गावचा पोरगा होता, अपा. रात्री त्याच्याकडचंच लोणी खाल्लं होतं मी."

"किती वाजले होते?"

"दुपार होती. का गं?"

वेळेतला फरक मी मनात काढला, वेळ तीच निघाली. तलासच्या त्या पोराच्या आईकडे कोंबड्या असतील का, हे मात्र अजून मनात येतं.

त्या दिवसापासून दर दुपारी खुराड्यात माझं गाणं होत आलं. चुलीआधी उठलीस तू. खोगिराच्या पट्ट्याएवढी. आणि "आता सांगते, ऐक गं" इथे अकराही जणी थांबायच्या. माना वळायच्या. उघड्या दारातून माझ्या खिडकीकडे बघायच्या, चांगली दोन-तीन मिनिटं. मग उठायच्या, अंग झाडायच्या, दाणे टिपायला लागायच्या. फेब्रुवारी असाच गेला. मी त्या वेळेला चहा ठेवायला लागले.

ती गादी मी बदलली नाही. न सापडलेली दोन पानं खाली होती, त्यांच्यावरचं काही हलवायची मला हिंमत नव्हती. वरून फक्त नवे पेपर कापून घालत राहिले. उरलेल्या तीन वह्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा झाळून बंद केला. शेवटचं पान मात्र डब्यात घातलं नाही. जाळलं तर काय होईल, पुरलं तर काय होईल, मला माहीत नव्हतं. सासूबाईंच्या पेटीत, तळाला अंथरलेल्या जुन्या पेपरच्या घडीत ते सरकवून ठेवलं. कधीतरी काढून वाचायचे. चौथ्या ओळीच्या पुढे जायचे नाही.

*

झूमार्त येऊन आठवडा झाला. बर्फ वितळायला लागलं की तिकडचे रस्ते बंद होतात. वाळला आहे, पण खातो चांगलं. दाढी वाढवली आहे, त्यावरून रोज माझी बोलणी खातो. पहिल्या दिवशी साल्तानातच्या बंद दारापाशी उभा राहून आला. त्याला लहानपणी साखरेचा खडा तीच द्यायची.

आज सकाळपासून तो अंगणात काहीतरी ठोकाठोकी करत होता. मी केस्मेसाठी कणीक मळली. तो हात पुसत आत आला.

"अपा, झालं बघ काम. खुराड्याच्या फटी बुजवल्या."

"बरं केलंस."

"आणि गादी घातली वरून. काय ते खुराडं! एवढी कुक्कुटशाळेतली बाई तू, आणि घरच्या कोंबड्या चिखलात."

"पेपर तर नव्हते."

"आजीच्या पेटीत तळाला होते की, पिवळे पडलेले. आता नवे अंथरू. घडी न मोडता तशीच पाटावर घेतली आणि कापली. ये, बघ तरी, तुझ्या शेवयांपेक्षा बारीक झाल्यात. आजीने बघितलं असतं ना, तर म्हणाली असती..."

"काय म्हणाली असती?"

"काही नाही. ती काय कधी कुणाला चांगलं म्हणाली?"

हसला. मीही हसले. दाढीला लागलेला कागदाचा कपटा मी त्याच्या हनुवटीवरून काढला. त्यावर पेन्सिलीची एक रेघ होती.

त्याला काही सांगितलं नाही. जन्मभर त्याने ते कशाला वाहायचं? एवढंच म्हटलं की कणीक मुरली की आज शेवया तू काप, मला बघायचंय किती बारीक कापतोस ते. तो म्हणाला, हो, हात धुऊन येतो.

कणीक ओल्या फडक्याखाली आहे. अर्धा तास मुरू द्यायची असते. तेवढ्यात नोंदवहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे. थंडी उणे दोन. वारा नाही. अंडी दहा.

बारा वाजून दहा मिनिटं.

चुलीआधी उठलीस तू. मी चहा ठेवलेला नाही आज.

खोगिराच्या पट्ट्याएवढी.

आता सांगते, ऐक गं.

थांबल्या नाहीत.

"अपा," झूमार्त खुराड्यापाशी उभा राहून विचारतो आहे, "कोंबड्या अकराच ना गं आपल्या? मग रांगेत मध्ये ही एकीची जागा कुणासाठी सोडलीय?"